दूध पिऊन राखलेली नजर

दुधावर माझ्या साडूनं जितका विश्वास टाकला, तितका उभ्या मुंबईत दुसऱ्या कुणी टाकला नसेल, वासरानंसुद्धा नाही. वासरू मोठं झालं की मुकाट्यानं गवताकडे वळतं. माझा साडू पंचेचाळिशीला आला तरी वळला नव्हता. देवानं माणसाला डोळे दिले, ते टिकावेत म्हणून दूध दिलं, आणि बाकीचं सगळं, म्हणजे भात, मासे, गिरणी आणि संसार, दोन पेल्यांच्या मधल्या वेळात उरकण्यासाठी दिलं, असं त्याचं साधं सरळ मत होतं. आता मत काय, कुणाचंही कसलंही असतं. पण या मताच्या बाजूनं त्याचे स्वतःचे डोळे साक्षीला उभे होते, आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातंच मुळी तुलनेसाठी जन्माला आलेलं आहे. सख्ख्या भावाशी तुलना झाली तर आई मध्ये पडते. साडूशी तुलना घरातली बायकोच करते, तेव्हा मध्ये पडणार कोण? वयानं तो माझ्यापेक्षा थोडा मोठा, त्यामुळे तोंडावर 'अहो साडूभाऊ' आणि 'या, बसा' असंच चालायचं. पण मनातल्या मनात मी त्याला कायम अरे-तुरे करत आलो, आणि इथे मनातलंच लिहायचं असल्यामुळे तेच पुढे चालवतो. मी गिरगावातल्या चाळीत राहणारा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी करणारा. तो लालबागला राहायचा आणि जवळच्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे, जॉबर, कामगारांवरचा मुकादम, होता. उंच, ताठ, छातीनं रुंद. आणि डोळे? घारे, टपोरे, चकचकीत. मागांच्या रांगेच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाचा तुटलेला धागा त्याला दिसायचा म्हणे. 'म्हणे' हे मी पदरचं घालतोय. सांगणारे शपथेवर सांगायचे.

माझ्या नाकावर मात्र शाळेत असल्यापासून चष्मा. काढला तर समोर बायको आहे की कपाट आहे, हे आवाज आल्यावरच कळायचं. त्यात बारीक अक्षर वाचायचं असलं की चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाला भिडवायचा, अशी माझी जुनी खोड. कचेरीतला हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणायचा, "काय हो, फाइल वाचताय की हुंगताय?" मी हसायचो. काय करणार! आणि घरी आलो की बायको ताटात आमटी वाढता वाढता सुरू व्हायची, "भावोजींचे डोळे बघा. एवढं वय झालं, चष्म्याचं नाव नाही. दूध पितात ते. तुम्ही पिता का?" मी आमटी प्यायचो.

मला दूध आवडत नाही, हे एकदा सांगून टाकतो. आवडत नाही म्हणजे वासानं मळमळतं, आणि वर साय दिसली की अंगावर काटा येतो. साडूचं नेमकं उलटं. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत त्याचा पहिला पेला व्हायचा. तोही साधा नाही. पेला तोंडाला लावण्याआधी तो आत पाहायचा, डोळ्यांची उघडझाप करायचा, मग एका घोटात संपवायचा आणि ओठांवरची साय बोटानं निपटून दोन्ही पापण्यांवर चोळायचा. "वरनं आणि आतनं, दोन्हीकडनं पोचलं पाहिजे," हा खुलासा. सणासुदीला बदाम, थंडीत हळद, उन्हाळ्यात खडीसाखर. चहा म्हणजे त्याच्या मते दुधाचा खून. त्याच्या घरी पाहुण्याला चहा मिळायचा, पण तो हातात देताना हा माणूस असा चेहरा करायचा की पाहुण्याला वाटावं, आपण मयताच्या घरी जेवायला बसलोय.

दूध घ्यायला तो स्वतः करी रोडच्या बाजूच्या एका तबेल्यात जायचा. सरकारी केंद्रावरच्या बाटलीतल्या दुधाला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "कुठल्या म्हशीचं, ते सांगता येतं काय? सगळ्यांचं एकत्र ओतलेलं. त्यातली एखादी आंधळी असली तर?" असा त्याचा बिनतोड सवाल. म्हणून तो आधी म्हैस बघायचा. लोक कास बघतात, शिंगं बघतात. हा म्हशीच्या डोळ्यांत बघायचा. तिच्यासमोर बोट धरायचा आणि डावीकडून उजवीकडे न्यायचा. म्हशीचे डोळे बोटामागे फिरले तर दूध घ्यायचं, नाही फिरले तर पुढची म्हैस. एकदा मी बरोबर होतो. तबेल्यातला भैया कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "भाऊसाब, भैंस को चष्मा लगाना है क्या?" त्यावर साडूनं माझ्याकडे अंगठा केला. "तिला कशाला? ह्यांना लागलाय तेवढा पुरे." भैया हसला. म्हशीनंही माझ्याकडे पाहून मान हलवली, असं मला आपलं वाटलं.

त्या वर्षांत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं सगळी मुंबई पेटलेली. सभा, मोर्चे, हरताळ, लाठीमार. मध्येच संचारबंदी लागली. रस्त्यावर कुत्रं फिरकेना. आणि अशा वेळी हा माणूस तांब्या घेऊन तबेल्याकडे निघाला! त्याची बायको दारात आडवी झाली, चाळीतल्या म्हाताऱ्यांनी अडवलं, पण ऐकतो कसला. कोपऱ्यावर पोलिसानं हटकलंच. "कुठे चाललात?" "दुधाला." "घरात तान्हं मूल आहे?" "नाही. डोळ्यांसाठी. माझ्या." दुसरा कुणी असता तर पाठीवर दंडुका बसला असता. पण हा पोलीस निघाला साडूच्याच रत्नागिरीकडचा, आणि त्याला म्हणे अलीकडे संध्याकाळच्या वेळी अंधुक दिसायला लागलं होतं. दोघं भिंतीच्या आडोशाला उभे राहून बराच वेळ बोलले. किती प्यायचं, कोमट की गार, जेवणाआधी की नंतर. साडू तांब्या भरून परत आला तो पोलिसाच्या सोबतीनं. मी त्याच दिवशी गिरगावात नाक्यावर पान खायला उतरलो होतो, तर शिट्टी ऐकून असा पळालो की एक चप्पल नाक्यावरच राहिली.

अश्रुधुराचीही तीच कथा. परळ-लालबागच्या रस्त्यावर नळकांडी फुटली की लोक ओला रुमाल डोळ्यांवर धरून गल्ल्यांत शिरायचे. हा मात्र कठड्याला टेकून उभा. "दुधावर पोसलेल्या डोळ्यांना धूर लागत नाही," असं म्हणताना दोन्ही गालांवरून धारा वाहत असायच्या आणि नाक गळत असायचं. "मग हे काय साडूभाऊ?" मी विचारलं. "हे बाहेर पडतंय ते पाणी," तो म्हणाला. "दूध आतच आहे." तरी गॅलरीतल्या बायका पदरानं डोळे पुसत त्याच्याकडे कौतुकानं बघत होत्या, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

सभेला आम्ही जोडीनं जायचो. मैदान तुडुंब भरलेलं, आम्ही पार मागच्या कुंपणाशी. व्यासपीठ म्हणजे मला एक हलता पांढरा ठिपका. साडू बिनचष्म्याचा उभा राहून सांगायचा, "आता मधले उठले... पाणी मागितलं... पेला डाव्या हातात घेतला... शेजारच्यानं कानात काहीतरी सांगितलं, ते काही पटलेलं दिसत नाही." आजूबाजूचे लोक भाषण ऐकायचं सोडून याचं ऐकायचे. एकजण तर मला म्हणाला, "ओ चष्मेवाले, जरा सरका, ह्यांना नीट दिसू द्या." मला! मी चष्मा लावून आंधळा आणि हा चष्म्याशिवाय दूरदर्शी. पोटात दुखणं म्हणजे काय, ते त्या गर्दीत मला नीट समजलं.

शेवटी बायकोनं मला दुधावर घातलंच. साडू बुधवारी पाळी सुटल्यावर लालबागहून ट्राममधून तांब्या सांभाळत यायचा, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आणि आमच्या खोलीत माझ्यासमोर मांडी ठोकून बसायचा. "प्या साडूभाऊ. नाक धरा आणि प्या." बायको एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. पळायला जागा नाही. बुधवारचं ताजं आणि बाकीच्या दिवशी बायकोनं तापवलेलं, असं ते पावसाळाभर चाललं. पोटात गुडगुड, तोंडाला चव नाही, कचेरीत वारंवार जागेवरून उठायची पाळी. हेडक्लार्क आणखी खूश. मग डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर उतरायच्या ऐवजी जरासा चढलेला. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. तर बायको म्हणते, "श्रद्धेनं प्यायला नाहीत तुम्ही." साडूनंही मान हलवली. "डोळ्यांना कळतं ते."

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण खरा सल होता तो त्याच्या पेपरवाचनाचा. त्याच्या चाळीत निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना ऐकायलाच आवडायचं. रविवारी सकाळी साडू गॅलरीत स्टूल टाकून बसायचा. त्याच्याभोवती, जिन्यावर, समोरच्या कठड्यावर माणसंच माणसं. आदल्या संध्याकाळच्या सभेचा वृत्तांत तो वाचायला लागला की नळावरची भांडणं थांबायची. काय तो आवाज! काय ते थांबणं! दोन्ही हात ताठ लांब करून पेपर धरायचा, मान मागे घ्यायचा आणि सुरू. "मुंबई कुणाच्या घामावर उभी राहिली?" असं त्यानं विचारलं की खालच्या मजल्यावरून उत्तर यायचं. मी मॅट्रिक झालेला, कचेरीत इंग्रजीत पत्रं लिहिणारा माणूस. दर रविवारी बायकोला घेऊन तिथे जायचो, मागे दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचो. मला एकदाही कुणी म्हणालं नाही, की आज तुम्ही वाचा. उलट कुणीतरी म्हणायचं, "भाऊंची नजर बघा, पेपर केवढा लांब धरतात! जवळनं बघूनसुद्धा आमका दिसणा नाय."

मीही तेच समजत होतो, हीच तर गंमत. मलाही वाटायचं, हा पेपर लांब धरतो तो मिजाशीनं. मग एका रविवारी काय झालं, गर्दी वाढली आणि मी ढकलला जाऊन त्याच्या अगदी खांद्याशी आलो. घामानं चष्म्यावर वाफ धरली होती म्हणून पुसायला काढला. पेपर वाऱ्यानं मागे लवला तो नेमका माझ्या नाकासमोर. आणि मला अक्षर न् अक्षर दिसलं. साडू तारस्वरात कामगारांच्या एकजुटीवर गर्जत होता, आणि त्याच्या हातातल्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. तिच्या शेजारी एका नाटकाची वेळ. सभेचं नावसुद्धा नाही! त्यानं पान उलटलं. तिथे कोथिंबीर-मिरचीचे बाजारभाव. साडू म्हणाला, "आता थांबायचं नाही!" आणि गॅलरीनं टाळ्या वाजवल्या.

अहाहा! तो क्षण मी कधी विसरणार नाही. याला जवळचं दिसतच नव्हतं! चाळिशी लागली होती गड्याला, चांगली सणसणीत, आणि दुधाची अब्रू जाऊ नये म्हणून हा ती लपवत होता. सभेत जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते घरी येऊन पोळीला तूप लावावं तसं लावून वाढत होता. हात लांब धरून थोडे दिवस भागलं असेल. आता हातच पुरेना झाले होते. मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. एवढा मोठा ऐवज असा किरकोळीत घालवायचा नसतो. तो सगळा आठवडा मी कचेरीत गुणगुणत काम केलं. बायकोनं विचारलं, "बोनस मिळाला की काय?" पुढच्या रविवारी, भर गॅलरीत, गोड आवाजात म्हणायचं, 'साडूभाऊ, तो खालच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर जरा वाचता?' बस्स. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

पुढचा रविवार आला. मी मुद्दाम लवकर जाऊन त्याच्या स्टुलाशेजारी जागा धरली. साडूनं घसा साफ केला. तोच समोरच्या खोलीतली काकी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिचा मुलगा वसंत सत्याग्रहात पकडला गेला होता. त्याच गिरणीत होता, साडूच्याच हाताखाली. बरेच दिवस काही पत्ता नव्हता. जेवलेली दिसत नव्हती बाई. ती साडूच्या गुडघ्याशी खाली बसली आणि म्हणाली, "भाऊ, काल सोडले म्हणतत कोणाकोणाक. पेपरात नावां आसत म्हणे. माझ्या झिलाचा नाव आसा काय, बघ रे."

नावं होती. मला तिथूनच दिसत होती. आतल्या पानावर खाली, मुंगीएवढ्या टाइपात ओळीच्या ओळी.

साडूनं पेपर धरला. हात लांब केले. आणखी लांब केले. मान मागे नेली, ती भिंतीला टेकली. उजेडाकडे वळला. डोळे बारीक केले, मोठे केले. ते टपोरे घारे डोळे त्या ओळींवरून नुसते घसरत होते. काकी त्याच्या तोंडाकडे बघत होती. भाषण रचता येतं हो, नाव कसं रचणार? 'आहे' म्हणावं तर म्हातारी संध्याकाळपर्यंत दारात वाट बघत बसायची, आणि 'नाही' म्हणावं तर तिथेच कोसळायची. माझं पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं, खरं सांगतो, अगदी टोकाला. पण म्हणायची वेळच आली नाही. साडूनं पेपर खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकी, माका दिसणा नाय. जवळचा काय्येक दिसणा नाय. वरीस झाला." मग पेपर माझ्यापुढे केला. "साडूभाऊ, तुम्ही वाचा. तुमची नजर आहे."

माझी नजर! उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. मी चष्मा कपाळावर चढवला, पेपर नाकाला लावला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागलो. मोठ्यानं. प्रत्येक नावाला कुठूनतरी हुंकार यायचा. तिसऱ्या ओळीच्या शेवटी होता. "वसंत रामा परब, लालबाग." काकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग जो काही गलका झाला! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कुणीतरी खाली धावलं, कुणी गुलाल शोधायला लागलं. आणि काकी उठली, तिनं कडाकड बोटं मोडून दृष्ट काढली. कुणाची? साडूची! "तुझ्या तोंडात साखर पडो रे भाऊ," असं त्यालाच म्हणाली. वाचलं मी, आणि साखर त्याच्या तोंडात. मी चष्मा खाली ओढला आणि पेपराची घडी घातली.

गलका ओसरल्यावर मला वाटलं, आता तरी कुणी विचारेल, की भाऊ, मग वर्षभर वाचत काय होतात? एका तरण्या पोरानं विचारलंही. साडू मान खाली घालून म्हणाला, "ऐकलेलं सांगत होतो. पदरचं थोडं होतं." तेव्हा जिन्यावर बसलेला एक म्हातारा विडी झटकत म्हणाला, "आमका ठावक होता रे. पान एकच, आणि भाऊ वाचतत तासभर. एवढा लिवलेला असता काय एका पानात?" बाकीचे हसले. सगळ्यांना माहीत होतं! जो ऐवज मी आठवडाभर उराशी धरून बसलो होतो, तो अख्ख्या चाळीच्या मालकीचा होता. माझ्यासारखा मूर्ख मीच.

संध्याकाळी ट्रामपर्यंत सोडायला साडू आला. बायका पुढे, आम्ही मागे. त्यानं बायकांना आणखी थोडं पुढे जाऊ दिलं. मग म्हणाला, "साडूभाऊ, एक सांगू? तुम्ही चष्मा वर करून बारीक वाचता ना, ते बघून माझ्या जिवाची तगमग होते. वाटतं, हा माणूस दुधाला तोंड लावत नाही, आणि ह्याला मुंगीचे पाय दिसतात. मी काय पाप केलं?" मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा केला होता, आणि तोही साक्षात त्यानं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्याच्यावर जळायचं मी ट्राम येईपर्यंत विसरून गेलो.

मग मीच त्याला गिरगावातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी तपासलं आणि चाळिशीचा नंबर सांगितला. साडूनं हात जोडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, दूध वाढवून जमणार नाही?" डॉक्टर म्हणाले, "दूध चांगलंच आहे, जरूर प्या. ज्या लहान पोरांच्या पोटात काही जात नाही, त्यांचे डोळे खरंच जातात. त्यांना दूध मिळालं पाहिजे. तुम्ही खाऊनपिऊन सुखी माणूस. डोळ्यात एक भिंग असतं, ते वयाबरोबर कडक होतं. तुमचं झालं, माझं झालं. शिळी भाकरी आहे का ती, दुधात कुस्करली की मऊ व्हायला?" साडूनं माझ्याकडे बोट केलं. "मग ह्यांना कसं जवळचं दिसतं?" "त्यांचे डोळे मुळातच जवळचे. लांबचं दिसत नाही ही त्यांची खोट, तीच आता वाचायला उपयोगी पडते. तुमचे मुळात लांबचे. त्यात दुधाचं ना काही देणं, ना घेणं." बाहेर आल्यावर साडू कोपऱ्यापर्यंत विचार करत चालला. मग म्हणाला, "डॉक्टर हुशार आहेत. पण दूध पीत नसणार."

चष्मा आला. काळ्या काड्यांचा, त्या घाऱ्या डोळ्यांवर तोही मेला शोभून दिसला. पुढच्या रविवारी गॅलरी भरली. साडूनं चष्मा नाकावर चढवला, पेपर मांडीवर घेतला आणि छापलेलं वाचायला लागला. "सभेला मोठा जनसमुदाय उपस्थित होता. अध्यक्षांनी प्रास्ताविक केले. त्यानंतर ठराव मांडण्यात आला." अक्षर न् अक्षर बरोबर. मी खांद्याशी उभा राहून पडताळून पाहत होतो. पण थोड्याच वेळात नळावर बादल्या वाजायला लागल्या. कुणी जांभई दिली. जिन्यावरचे दोघे उठून गेले. साडू रेटून वाचत राहिला. शेवटी त्या विडीवाल्या म्हाताऱ्यानं कळवळून हाक दिली, "भाऊ, तो चष्मो काढून वाचा बघू!"

साडूनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, पेपर तसाच हातात धरला आणि समोरच्या गिरणीच्या धुराड्याकडे नजर लावली. "ऐका," तो म्हणाला. नळ बंद झाला. उठून गेलेले परत येऊन बसले. त्या सभेला मीही गेलो होतो, त्याच्या शेजारीच उभा होतो. पण ती सभा मी पाहिली ती त्या सकाळी, त्याच्या तोंडून. पेपर माझ्या नाकासमोर होता, आणि तो जे वाचत होता त्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

महाराष्ट्र झाला. साडू पुढे पुष्कळ वर्षं जगला, शेवटपर्यंत दूध पीत होता, आणि शेवटपर्यंत त्याला खिडकीतून ट्रामच्या जागी आलेल्या बसचा नंबर दिसायचा. आता तो नाही. माझी बायको अजून भावोजींच्या डोळ्यांबद्दल बोलते, आणि मला अजून ते झोंबतं. फक्त ज्याच्यावर जळायचं तोच उरला नाही, म्हणून ते झोंबणं नुसतंच घरभर फिरत राहतं. रविवारी सकाळी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि पेपर नाकाला लावतो. या वयातही सगळं दिसतं, बाजारभावसुद्धा. कधीतरी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पेपर हळूच लांब धरतो, हात ताठ करून, त्याच्यासारखा. अक्षरं विरघळून जातात. मी तोंडातल्या तोंडात 'ऐका' म्हणतो. सुचत काही नाही.